लेथास घरची गती

शेतकऱ्याच्या घरी लोखंड कातण्याचा लेथ असावा, असे कोणी म्हटले तर पुष्कळांस ते चमत्कारिक वाटेल. नांगर, कुळव, पंप, फवारणीयंत्र ही शेतकऱ्याची आयुधे आणि लेथ हे कारखानदाराचे, अशी आपली पक्की समजूत आहे. ही समजूत टाकून देण्याची वेळ आली आहे, असे आमचे मत आहे. आमची सूचना अशी की, लेथ जुना का होईना विकत घ्यावा. परंतु त्यास फिरविणारी योजना, म्हणजे मोटार, पुल्या, पट्टे व मधला शाफ्ट यांची जुळणी, ही शेतकऱ्याने फावल्या वेळात आपल्या हाताने उभी करावी. यंत्राचा नेमका हाच भाग घरी करण्यासारखा का आहे, आणि तो करिताना काटकसर कोठे करावी व कोठे मुळीच करू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम गरज पाहू. मार्गासनी हे नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. येथूनच साखर, गुंजवणे या बाजूने राजगडाच्या पायथ्याकडे वाट फुटते. भोवतालचा मुलूख मावळी. पाऊस मोठा आणि पीक मुख्यतः भाताचे. भाताची लावणी ही दिवसांवर मोजावयाची गोष्ट होय. चिखलणी ऐन भरात असता पॉवर टिलरची खीळ तुटली, किंवा आसाचा बुश झिजून चाक डुलू लागले, म्हणजे त्या दोन बोटांच्या तुकड्यासाठी नसरापूर, भोर अथवा थेट पुणे गाठावे लागते. कातण्याची मजुरी थोडकी असते. परंतु जाण्यायेण्यात एक दिवस मोडतो, कारागिराकडे गर्दी असली तर दुसराही मोडतो, आणि तोवर लावणीस बोलाविलेली माणसे बांधावर बसून राहतात. रोपही वाढून जाते. बुशाची खरी किंमत ही आहे, कारागिराच्या पावतीवरील नव्हे.

पूर्वी गावाच्या अवजारांचा भार लोहार व सुतार या बलुतेदारांवर होता. लोहाराचा भाता आणि ऐरण यांची योग्यता आम्ही जाणतो; फाळ पाजविण्याचे काम आजही त्याच्याइतके कोणी चांगले करणार नाही. परंतु पंपाच्या शाफ्टावर बसणारा बुश घणाने होत नाही. त्याचे भोक बरोबर गोल व आसाशी समांतर असावे लागते, आणि केसभर फरक पडला तरी तो एक तर बसत नाही, नाही तर आठ दिवसांत ढिला होतो. हे काम फिरत्या वस्तूवर स्थिर हत्यार धरूनच साधते. आपल्याकडील कातारी लाकडाचे असे काम फार पूर्वीपासून करीत आले. एकाने दोरी मागेपुढे ओढावी आणि दुसऱ्याने फिरत्या लाकडास हत्यार लावावे, अशी त्यांची रीत होती. दोरी ओढणारा तो गडी म्हणजेच त्या लेथाची मोटार. लोखंडास मात्र एवढ्या शक्तीने भागत नाही, आणि उलटसुलट फिरण्यानेही भागत नाही.

लेथ आणि त्याची गती या दोन गोष्टी मुळातच निराळ्या आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे पुष्कळ भीती नाहीशी होते. इंग्लंडात हेन्री मॉड्स्ले याने १८०० सालाच्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्यानंतर कारखाने वाढले, तेव्हा एकच मोठे इंजिन सबंध कारखान्याचा एक लांब शाफ्ट फिरवी. हा शाफ्ट छताखाली टांगलेला असे, आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे खाली येऊन एकेका यंत्रास फिरवीत. त्या काळच्या लेथास स्वतःची मोटार नव्हतीच. डाव्या हाताच्या डोक्यात एक पायऱ्यापायऱ्यांची पुली असे, एवढेच. असे जुने लेथ आजही मोडीच्या भावात मिळतात. मोटार नाही म्हणून गिऱ्हाईक ते अपुरे समजते व सोडून जाते. वस्तुतः त्याचा पलंग, म्हणजे खालचा सरळ लोखंडी पाट, झिजलेला नसेल आणि स्पिंडल डुलत नसेल, तर घरी न होण्याजोगे जेवढे आहे तेवढे सर्व त्यात आले. उरलेले काम पुल्या व पट्ट्यांचे, आणि तेथे शेतकरी परका नाही. भातगिरणी, पिठाची गिरणी, मळणीयंत्र, कडबाकुट्टी या सर्वांत तो पट्टा रोज पाहतो.

महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा आरंभही अशाच लहान खटपटीतून झाला. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घातले. सायकल म्हणजे गती बदलण्याचे एक सुटसुटीत यंत्रच होय. पुढच्या चक्रास ४८ दाते व मागच्या चक्रास १६ दाते असले, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन वेळा फिरते. त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर निघाले. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. तीस तोंड देत देत हा धंदा वाढला आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली आणि तिने लेथ बांधले. सायकल, नांगर व लेथ या तीन वस्तू एकाच घराण्याच्या हातून निघाल्या, हा केवळ योगायोग नव्हे. ज्यास गती कशी कमीजास्त करावी हे कळले, त्यास पुढची वाट आपोआप दिसू लागते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मोटार सरळ लेथास का जोडता येत नाही? आपल्याकडील नेहमीची चार ध्रुवांची मोटार मिनिटास सुमारे १४४० फेरे घेते. साध्या पोलादावर हायस्पीड स्टीलचे हत्यार चालवावयाचे, तर वस्तूचा पृष्ठभाग हत्यारासमोरून मिनिटास सुमारे २५ मीटर सरकावा. बिडास २० मीटर पुरे. आता ५० मिलिमीटर जाडीच्या शाफ्टाचा घेर १५७ मिलिमीटर होतो. तेव्हा मिनिटास २५ मीटर होण्यास त्याचे १६० फेरे व्हावेत. तो १४४० फेऱ्यांनी फिरविला तर वेग नऊपट होईल. हत्याराचे तोंड क्षणात जळेल, आणि वस्तू चकातून निसटली तर कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. सबब गती नवव्या हिश्श्यावर आणणे, हे या सर्व खटाटोपाचे पहिले प्रयोजन होय.

एकाच पट्ट्याने नऊपट फरक करू गेल्यास एक पुली अवाढव्य होते व लहान पुलीस पट्ट्याचा वेढा पुरत नाही. म्हणून मध्ये एक शाफ्ट घालावा. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या, तेरा मिलिमीटर रुंदीच्या ए जातीच्या पट्ट्यास ७५ मिलिमीटरांहून लहान पुली देऊ नये; दिल्यास तो लवकर चिरतो. मोटारीवर ७५ ची व मधल्या शाफ्टावर २२५ ची पुली घातली की तो शाफ्ट ४८० फेरे घेतो. त्या शाफ्टावर ७५, १०० व १५० अशा तीन पायऱ्यांची पुली बसवावी आणि लेथाच्या स्पिंडलावर तिच्यासमोर अनुक्रमे २२५, २०० व १५० अशी. प्रत्येक जोडीची बेरीज ३०० येते, म्हणून एकच पट्टा तिन्ही पायऱ्यांवर चालतो. जो थोडा फरक पडतो तो ताण देताना निघून जातो. या जुळणीने स्पिंडलास १६०, २४० व ४८० अशा तीन गती मिळतात. पन्नास मिलिमीटरांच्या शाफ्टास पहिली, तेहतिसाच्या आसपास दुसरी आणि सोळाच्या सळईस तिसरी, असा त्यांचा मेळ बसतो. लेथास बॅक गिअर असून तो गती सहाव्या हिश्श्यावर आणीत असेल, तर आणखी २७, ४० व ८० फेरे हाती येतात. २२५ मिलिमीटर व्यासाची बिडाची पुली कातावयाची झाल्यास २७ फेरेच योग्य होत, आणि आटे पाडण्यासही अशीच मंद गती बरी.

मधला शाफ्ट २५ मिलिमीटर जाडीचा घेऊन दोन प्लमर ब्लॉकांत बसवावा. हे ब्लॉक ज्या पाटीवर असतील ती एका बाजूस मजबूत बिजागरीने जोडावी व दुसऱ्या बाजूस आट्याचा दांडा देऊन ताण कमीजास्त करावा. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला असता साधारण आपल्या जाडीइतका खाली जावा. याहून ताठ केल्यास बेअरिंगे तापतात. जुन्या स्पिंडलावर अखंड पट्टा चढविण्यास स्पिंडल उचकटावे लागते. ते टाळण्यासाठी कड्याकड्यांचा सुटा पट्टा मिळतो, तो वापरावा. स्पिंडलाची जुनी सपाट पुली ठेवावयाची असेल, तर मोटारगाड्यांत असतो तसा बारीक खाचांचा रुंद पट्टाही तिच्यावर चालतो. पट्टा प्रसंगी घसरतो, हा दोष समजू नये. हत्यार अडकले असता पट्टा घसरला तर गिअरांचे दाते वाचतात.

मोटारीविषयी एक सूचना अवश्य करावयाची आहे. घरात पडलेली पंपाची मोटार लेथास लावावी, असा विचार प्रथम मनात येतो. परंतु मोनोब्लॉक पंपाची मोटार पुष्कळदा २८८० फेऱ्यांची असते, आणि तिच्या शाफ्टाची रचनाही पुली बसविण्याजोगी नसते. गिरणीची किंवा कडबाकुट्टीची मोटार बरी. मात्र तिच्या पाटीवरील फेरे वाचूनच पुल्यांचा हिशेब करावा. सहा इंच उंचीच्या लहान लेथास एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॉट, पुरे होते. पायाने चालविण्याचा लेथही होऊ शकतो. परंतु धडधाकट माणूस सतत काम करिताना सुमारे ७५ वॉटच देऊ शकतो. तेव्हा पितळेचे व बारीक काम पायाने होईल, जाड शाफ्ट होणार नाही.

हल्ली व्हीएफडी नावाची विजेची पेटी मिळते. ती घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटार चालविते आणि गतीही बटणाने कमीजास्त करिते. पाटीवर २३० व ४१५ असे दोन्ही दाब दिलेली मोटार अशा पेटीवर डेल्टा जोडणीत चालवावी लागते. ही सोय मोठी आहे खरी. परंतु तिच्यामुळे पुल्यांचे काम संपले, असे समजणे चुकीचे होय. पेटी मोटारीची गती उतरविते तेव्हा मोटारीचा पीळ वाढत नाही, म्हणून गतीबरोबर शक्तीही उतरते. पुलीने गती उतरविली असता मात्र तितक्या पटीने पीळ वाढतो. जाड वस्तूस मंद गतीबरोबर मोठा पीळ लागतो, आणि तो पुली व बॅक गिअर यांच्याकडूनच मिळावयाचा. शिवाय मोटार फार मंद फिरली तर तिचा पंखाही मंद फिरतो आणि ती तापते. पेटी असली तर ती पुल्यांच्या जोडीस असावी, त्यांच्या जागी नसावी.

वीज कोठून घ्यावयाची, हाही प्रश्न आहे. विहिरीवरील थ्री फेज जोडणी शेतीपंपासाठी दिलेली असते. तिच्यावर लेथ चालविणे म्हणजे मंजूर कारणावाचून दुसऱ्या कामास वीज वापरणे. आणि २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे त्याची आकारणी होऊ शकते. सबब लेथ घरच्या जोडणीवरच चालवावा, आणि गावाची कामे पैसे घेऊन करावयाची झाल्यास योग्य प्रकारची जोडणी मागून घ्यावी.

येथवर काटकसरीचे सांगितले. आता जेथे काटकसर करू नये ते सांगतो. पट्टा व पुली यांवर पत्र्याची झाकणी असल्यावाचून मोटार सुरू करूच नये. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, साडीचा पदर, सैल बाही, यांपैकी काहीही पट्ट्यात सापडले तर सोडविण्यास अवधी मिळत नाही. लेथापाशी हातमोजे घालू नयेत. ते हात वाचवीत नाहीत, हात ओढून नेतात. चकाची चावी हातातून सुटते ती पेटीतच गेली पाहिजे, चकात राहता कामा नये. अर्थिंग पक्के असावे; पावसाळ्यात आपल्याकडे जमीन ओली व भिंती ओल्या, तेव्हा हे विशेष.

आणि शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. शेतीपंपास आपण ऑटो स्विच लावितो, कारण रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा. तीच सवय लेथास लावणे म्हणजे घात होय. वीज गेली असता माणूस चकात हात घालून वस्तू ढिली करीत असतो. तोच वीज परतली आणि मोटार आपोआप फिरली, तर बोटे जागेवर राहत नाहीत. लेथास नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर असावा. वीज गेली की तो सुटतो, आणि पुन्हा बटण दाबल्यावाचून मोटार सुरू होत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या आपल्या भागात या एका वस्तूवर खर्च करण्यास ज्याची तयारी नाही, त्याने लेथाच्या नादी लागू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

आमच्या या सूचनेवर काही आक्षेप येतील. पहिला हा की, हल्ली मोटार व गतीची सर्व योजना आत बसविलेले लहान तयार लेथ बाजारात मिळतात, मग हा उपद्व्याप कशास? ज्यास परवडेल त्याने ते जरूर घ्यावे. परंतु त्यातील विजेची पाटी जळाली की सबंध यंत्र धूळ खात पडते, कारण ती उघडून पाहण्याचे ज्ञान आपल्यापाशी नसते. स्वतः जुळविलेल्या योजनेत बिघाड झाला तर तो पट्ट्याचा, पुलीचा, बेअरिंगचा की मोटारीचा, हे घरचा माणूस पाच मिनिटांत ओळखतो, आणि तो भाग नसरापुरास किंवा पुण्यास मिळतो. दुसरा आक्षेप असा की, यामुळे गावोगावच्या वर्कशॉपांचा धंदा बुडेल. हे आम्हांस मान्य नाही. इंजिनाचा क्रँकशाफ्ट घासणे, सिलिंडर बोअर करणे ही कामे त्यांचीच व त्यांच्याकडेच जावीत. खीळ, बुश, स्लीव्ह, पुलीचे भोक एवढीच कामे घरच्या लेथाने करावीत.

तिसरा आक्षेप असा की, हा निव्वळ छंद आहे, शेतकऱ्यास छंद परवडत नाहीत. यास आमचे उत्तर निराळे आहे. भाताच्या मुलखात शेतकऱ्यास कापणी-मळणीनंतर पुढील पावसापर्यंत कितीतरी मोकळा वेळ मिळतो. या वेळात जो तरुण लेथाची योजना जुळवितो, त्याच्या हातून प्रथम चार बुश वाया जातात. परंतु ते फाल्गुनात वाया जातात, आषाढात जात नाहीत. गरज नसताना शिकलेली विद्या गरजेच्या दिवशी उपयोगी पडते, हाच छंदाचा फायदा. या खोऱ्यातील अनेक मुले आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकतात व शिरवळ, खेड-शिवापूर या बाजूच्या कारखान्यांत यंत्रांवर राबतात. घरी आल्यावर मात्र त्यांची विद्या कुलपात राहते, कारण गावात तिला काम नाही. ज्या गावाने मुलगा शिकविला त्या गावाचाच पंप दुसऱ्याच्या दारी दुरुस्तीस जातो, ही स्थिती शोचनीय आहे. मुले परत येतील की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु ती सुटीस येतात तेव्हा त्यांच्या हातास काम देणारे एक यंत्र गावात असावे, इतके आपल्या हाती आहे.

सबब आपल्या संस्थेच्या सभासदांपुढे आम्ही पुढील सूचना ठेवितो. प्रत्येकाने स्वतंत्र लेथ घेण्याची जरुरी नाही. मार्गासनी व तिच्या आसपासच्या दोनचार गावांनी मिळून एक जुना लेथ घ्यावा. तो घेताना कारखान्यात काम केलेला जाणता मनुष्य बरोबर न्यावा व पलंग आणि स्पिंडल तपासूनच पैसे द्यावेत. गती देण्याची योजना उन्हाळ्यात सर्वांनी मिळून उभारावी, म्हणजे ती एकट्याची न राहता दहाजणांस कळेल. पुल्यांचे व्यास, मोटारीचे फेरे व मिळणाऱ्या गती एका पाटीवर रंगवून ती लेथाच्या डोक्यावर लावावी. खिळी व बुश यांची नेहमी लागणारी मापे एका वहीत टिपून ठेवावीत, आणि रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी प्रत्येक मापाचे दोनदोन नग कातून तयार ठेवावेत. ज्यांनी अशी योजना आधीच केली असेल, त्यांनी आपल्या पुल्यांची मापे व आलेल्या अडचणी या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवाव्यात. त्या छापण्यास आम्ही आनंदाने जागा देऊ.